खिडकीची जागा कोणी ठरवायची?

माणसाने कुठे बसावे, हा प्रश्न आपल्याकडे कधीच क्षुल्लक मानला गेला नाही. लग्नाच्या पंगतीत कोणाचा पाट कोणाशेजारी मांडला, सभेत कोणाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली आणि कोणाला खांबाआड बसावे लागले, यावरून घराघरांत धरलेले अबोले आपण सर्वांनी पाहिले आहेत. जागा आपोआप मिळत नाही. ती कोणीतरी ठरवतो आणि ठरवणाऱ्याचा अधिकार तीत दडलेला असतो. हाच प्रश्न आज आपल्या टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर दिवसातून शंभर वेळा उपस्थित होतो, शंभर वेळा सुटतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपण एखादा प्रोग्राम उघडतो. त्याची चौकोनी खिडकी पडद्यावर कुठेतरी प्रकट होते. ती तिथेच का उघडली? डावीकडे का नाही? आपण वाचत होतो त्या मजकुरावरच ती पसरून का बसली?

हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, असे तंत्रज्ञ म्हणतील. मला तो नीतीचा वाटतो. कारण या लहानशा व्यवहारात तीन पक्ष आहेत आणि तिघांचेही काही म्हणणे आहे. पहिला पक्ष प्रोग्राम, म्हणजे पंगतीला आलेला पाहुणा. दुसरा पक्ष विंडो मॅनेजर, म्हणजे पाट मांडणारा कारभारी. तिसरा पक्ष पडद्यासमोर बसलेला माणूस, म्हणजे ज्याच्या घरी हे कार्य आहे तो यजमान. जागा ठरवण्याचा अधिकार या तिघांपैकी कोणाचा?

उत्तर सोपे वाटते. घर यजमानाचे, तेव्हा अधिकारही त्याचाच. परंतु यजमान प्रत्येक पाटाजवळ उभा राहू शकत नाही. तो कोणाला तरी कारभार सोपवतो, आणि कारभार सोपवला की खरा प्रश्न सुरू होतो. कारभाऱ्याने धन्याच्या नावाने वागावयाचे असते; पण कारभारीच धनी होऊन बसल्याची उदाहरणे शोधायला मराठी वाचकाला परक्या देशाचा इतिहास उघडावा लागत नाही.

*

थोडा इतिहास पाहू. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो नावाचा संगणक तयार झाला. टेबलावर कागद एकावर एक ठेवावेत तशा खिडक्या एकमेकींवर ठेवण्याची कल्पना तिथे रुजली. त्याच कंपनीचा स्टार हा संगणक १९८१ मध्ये बाजारात आला तेव्हा मात्र त्याच्या रचनाकारांनी खिडक्या एकमेकींवर येऊ न देता फरशांसारख्या शेजारी शेजारी मांडल्या. माणसांचा बराच वेळ खिडक्या सरकवण्यातच जातो आणि शेवटी ती त्या शेजारी शेजारीच आणून ठेवतात, असे त्यांना दिसले होते. १९८४ च्या मॅकिन्टॉशने खिडक्या एकमेकींवर पसरू दिल्या. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये फरशांची मांडणी होती. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तीही गेली. कोणाला वाटे, माणसाला मोकळीक द्यावी. कोणाला वाटे, त्याच्यामागचा व्याप कमी करावा. दोन्ही बाजूंच्या मनात माणसाचे हितच होते. हितचिंतकांचे मतभेद मिटवणे हे वैऱ्यांचे भांडण मिटवण्यापेक्षा अवघड असते, याचा अनुभव संसारी माणसाला निराळा सांगायला नको.

१९८४ मध्येच मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेत बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिमचा पाया घातला. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि पुढे अनेक दशके युनिक्स आणि लिनक्स संगणकांचे पडदे तिच्यावरच चालले. तिच्या निर्मात्यांचे तत्त्व असे, की आम्ही साधन देऊ, धोरण देणार नाही. खिडकी सरकवण्याची यंत्रणा आमची. ती कुठे असावी हे ठरवणारा कारभारी तुम्ही निवडा. म्हणून एकाच संगणकावर निरनिराळे कारभारी नेमता येत. ट्विम नावाचा जुना कारभारी तर नेहमीच्या मांडणीत नव्या खिडकीची नुसती चौकट माणसाच्या हाती देई आणि जिथे कळ दाबाल तिथे ती बसवी. प्रत्येक पाहुण्याचा पाट यजमानाने स्वतःच्या हाताने मांडण्यासारखेच ते होते.

या व्यवस्थेतील एक बारकावा मला नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगा वाटतो. प्रोग्रामने जागेची विनंती करताना तिच्यासोबत दोनपैकी एक खूण लावावी, असा संकेत होता. एका खुणेचा अर्थ, ‘ही जागा माणसाने सांगितली आहे.’ दुसरीचा अर्थ, ‘ही जागा मी प्रोग्रामने सुचवली आहे.’ डाव्या कडेपासून शंभर बिंदू आणि वरच्या कडेपासून पन्नास बिंदू, असे माणसाने प्रोग्राम सुरू करतानाच सांगितले असेल तर पहिली खूण. प्रोग्रामला स्वतःलाच तसे वाटले असेल तर दुसरी. कारभाऱ्याने पहिलीचा मान राखावा, दुसरीचा नुसता विचार करावा. इच्छा कोणाची आहे हे इच्छेसोबतच सांगितले पाहिजे, हा केवढा सुसंस्कृत नियम!

आणि पुढे काय झाले? दुसरी खूण लावली की काही कारभारी तिच्याकडे काणाडोळा करतात, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या लक्षात आले. मग काहींनी सरसकट पहिलीच खूण लावायला सुरुवात केली. माणूस काही बोललेला नसतानाही पाहुणा सांगू लागला, की यजमानांनीच मला पहिल्या पंगतीत बसायला सांगितले आहे. यात कोणाचा खून पडला नाही, कोणाची तिजोरी फुटली नाही. परंतु दुसऱ्याच्या नावावर आपली इच्छा खपवणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे आढळलेले नाही. याचा परिणामही अटळ होता. सगळेच यजमानाचे नाव सांगू लागले, की खरोखर यजमानाने धाडलेल्या माणसाचा शब्दही कोणी मानीत नाही.

*

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ मध्ये एक कसोटी सांगितली. तुम्ही ज्या नियमाने वागता तो सर्वांनी पाळला तर चालेल का, असे स्वतःला विचारा. ही कसोटी लावायला पडद्याइतकी नेमकी जागा दुसरी नाही. ‘माझी खिडकी नेहमी सर्वांच्या वर असावी’ असा नियम एखाद्या प्रोग्रामने केला असे समजा. अशी सोय बहुतेक सर्व प्रणालींत असते. आता तोच नियम दुसऱ्या प्रोग्रामनेही केला. दोन खिडक्या एकाच वेळी एकमेकींच्या वर कशा राहणार? येथे नियमाचे सार्वत्रिकीकरण नुसते अनिष्ट ठरत नाही. ते तर्कदृष्ट्याच अशक्य ठरते. प्रत्येकाने पुढे जायचे म्हटले की ‘पुढे’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. आपल्या रेल्वे स्थानकांवरील तिकिटाच्या रांगांना हे कांट न वाचताही ठाऊक आहे.

हा खेळ निरुपद्रवी नाही. आपण एखाद्या चौकटीत बँकेचा परवलीचा शब्द टंकित आहोत, नजर कळफलकावर आहे, आणि त्याच क्षणी दुसरीच खिडकी पुढे उसळली, तर उरलेली अक्षरे त्या आगंतुकाच्या हाती जातात. या लक्ष पळवण्याच्या प्रकाराला आवर घालण्यासाठी विंडोज ९८ पासून असा नियम आला, की मागे असलेल्या प्रोग्रामने वाटेल तेव्हा पुढे उडी मारू नये. फार तर खालच्या पट्टीवरील आपले बटण लुकलुकवावे. दारावर टकटक करावी, दार ढकलून आत येऊ नये. एवढी साधी रीत यंत्राला शिकवण्यासाठी नियम करावा लागला.

जुन्या एक्समध्ये तर याहून मोठे भगदाड होते. तिथे एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीतील चित्र पाहू शके, दुसऱ्यासाठी दाबलेल्या कळा ऐकू शके आणि दुसऱ्याची खिडकी हलवूही शके. १९८० च्या दशकातील विद्यापीठीय वातावरणात सगळे एकमेकांना सज्जन धरून चालत. घराला दारे होती, पण कड्या नव्हत्या.

*

२००८ मध्ये ख्रिस्तियान होग्सबर्ग यांनी वेलँड नावाची नवी रचना सुरू केली. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१६ मध्ये आपल्या मुख्य आवृत्तीत तिला पहिला मान दिला. २०२५ मध्ये रेड हॅटच्या दहाव्या एंटरप्राइज आवृत्तीतून जुना एक्स सर्व्हर काढून टाकण्यात आला, आणि त्याच वर्षी उबुंटूच्या मुख्य डेस्कटॉपवरूनही एक्सचे सत्र गेले. म्हणजे हा बदल आता प्रयोगाच्या पायरीवर राहिलेला नाही. राज्य बदलले आहे.

नव्या राज्यात एकाला दुसऱ्याचे काही दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याचबरोबर, आपली मुख्य खिडकी पडद्यावर नेमकी कुठे आहे हेही प्रोग्रामला कळत नाही. सर्वसाधारण खिडकीसाठी ‘मला अमुक ठिकाणी बसवा’ असे म्हणण्याची सोयच त्या प्रमाण भाषेत ठेवलेली नाही. उपसूची उघडायची असेल तर ती मूळ खिडकीच्या कोणत्या बाजूला यावी एवढेच सांगता येते. बाकी सर्व कारभाऱ्याकडे.

इंग्रज विचारवंत हॉब्ज याने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ या ग्रंथात जे मांडले त्याची येथे आठवण होते. राज्यसंस्था नसेल तर प्रत्येक जण प्रत्येकाचा शत्रू. म्हणून सर्वांनी आपले अधिकार एका सार्वभौमाच्या हाती द्यावेत आणि त्या बदल्यात सुरक्षितता घ्यावी. एक्स ही ती निसर्गावस्था आणि वेलँड हा तो सार्वभौम. सौदा वाईट नाही. ज्याने रात्री कडी लावून झोपण्याचे सुख अनुभवले आहे, तो बिनकडीच्या दिवसांचे फार गोडवे गाणार नाही.

तरीही एक हिशेब चुकता करायचा राहतो. पाहुण्यांनी खोटे बोलू नये म्हणून भाषेतून तो शब्दच काढून टाकला. त्यामुळे खोटे थांबले हे खरे; पण त्याबरोबर खरे बोलणाराही मुका झाला. दोन खुणांपैकी प्रोग्रामची खूण गेली याचे दुःख नाही. ‘ही जागा माणसाने सांगितली आहे’ ही खूणही तिच्यासोबत गेली, याचे आहे. हॉब्जच्या सौद्यात अधिकार देणारे नागरिक होते. येथे अधिकार काढून घेतले प्रोग्रामचे, आणि प्रोग्राम हा काही नागरिक नव्हे; कांटच्या शब्दांत तो निव्वळ साधन आहे, साध्य नाही. त्याचे अधिकार काढले तर अन्याय होत नाही. पण ते साधन ज्याच्या वतीने बोलत होते, तो माणूस मात्र साध्य आहे. नोकराला दारात अडवणे आणि नोकराच्या हाती पाठवलेली मालकाची चिठ्ठी न वाचणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

*

आमच्या शाळेतील एका निवृत्त चित्रकला शिक्षकांचे उदाहरण देतो. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा उजव्या बाजूचा दृष्टिभाग गेला. बुबुळे निरोगी आहेत, पण समोर पाहताना उजवीकडचे अर्धे जग त्यांना दिसत नाही. पडद्याच्या उजव्या अर्ध्यात उघडलेली खिडकी त्यांच्या लेखी उघडलेलीच नसते. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने संगणकावर अशी व्यवस्था करून दिली होती, की प्रत्येक खिडकी डावीकडेच उघडावी. सर पुन्हा लिहू लागले, जुनी चित्रे निवडू लागले. मग संगणकावरील प्रणाली नवी झाली आणि ती व्यवस्था एका रात्रीत निकामी झाली. सुरक्षिततेचे कारण सांगण्यात आले. सर मला म्हणाले, “हेडमास्तर, माझ्याच टेबलावर माझी वही कुठे ठेवायची हे सांगायला मला मनाई कोणी केली?”

या प्रश्नाला ‘सुरक्षितता’ हे उत्तर होत नाही. कारण धोका परक्याच्या इच्छेचा होता आणि अडवली गेली ती घरच्याची इच्छा. पुढे त्याच विद्यार्थ्याने दुसरा डेस्कटॉप बसवून दिला. त्यात माणसाला नियम लिहून ठेवता येतात आणि कारभारी ते पाळतो. म्हणजे नवी भिंत बांधूनही तिला यजमानासाठी दार ठेवणे शक्य होते. ते ठेवायचे की नाही, हा यंत्राच्या मर्यादेचा प्रश्न नव्हता, बांधणाऱ्याच्या मर्जीचा होता.

येथे डेस्कटॉपच्या वेगळेपणाचा मुद्दा येतो. केडीईमध्ये खिडक्यांसाठी नियम लिहिण्याची सोय प्रणालीतच आहे. स्वे नावाच्या रचनेत एका साध्या मजकूर-फाइलमध्ये चार ओळी लिहून काम होते. ग्नोममध्ये अशा बारीक नियमांसाठी बाहेरच्या जोडण्यांची मदत घ्यावी लागते आणि मूळ आवृत्ती बदलली की जोडणीही नव्याने जुळवावी लागते. विंडोजमध्ये आणि मॅकमध्ये प्रोग्राम आपली खिडकी बव्हंशी आपणच बसवतो. मॅकवर दुसऱ्यांच्या खिडक्या हलवू पाहणाऱ्या प्रोग्रामला मात्र माणसाने खास परवानगी द्यावी लागते. इच्छा एकच, ‘डावीकडे ठेवा’ एवढीच. पण ती दर घरी निराळ्या बोलीत सांगावी लागते. ज्याला या बोली येतात त्याचे भागते. ज्याला येत नाहीत आणि ज्याला गरज सर्वांत जास्त, तो ताटकळतो.

*

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. तिचे दोन आक्षेप वजनदार आहेत.

पहिला आक्षेप ज्ञानाचा. प्रोग्रामला घराची पूर्ण माहिती नसते. दोन पडदे जोडलेले असताना दुसऱ्या पडद्यावरची जागा तो लक्षात ठेवतो. दुसरा पडदा काढला तरी तिथेच उघडतो. आणि खिडकी अस्तित्वात नसलेल्या भिंतीवर टांगलेली राहते. हे विंडोज वापरणाऱ्या कित्येकांनी अनुभवले असेल. तेव्हा ज्याला सर्व पडदा दिसतो त्यानेच ठरवावे. हे मला मान्य आहे. पण कारभाऱ्याचे ज्ञानही अर्धेच असते. त्याला जागा दिसते, अर्थ दिसत नाही. ही चित्राची खिडकी आणि ही तिच्या रंगांची पेटी, दोघींना जवळ ठेवले पाहिजे, हे प्रोग्रामलाच माहीत. आणि मला उजवीकडचे दिसत नाही, हे माझ्याशिवाय तिसऱ्या कोणालाच माहीत नाही. वर्गात उंचीप्रमाणे मुले बसवणारा शिक्षक एकंदरीत बरोबर असतो. परंतु फळा अंधूक दिसणाऱ्या मुलाने हात वर केला आणि शिक्षकाने तो पाहिला नाही, तर त्या एका वर्तनाने सगळी शिस्त निंद्य ठरते.

दुसरा आक्षेप साधेपणाचा. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की प्रत्येक वाढीव पर्यायाची किंमत असते. तो तपासावा लागतो, सांभाळावा लागतो आणि पर्यायांच्या गर्दीत सामान्य माणूस गोंधळतो. खरे आहे. बहुतेक माणसे मुळात जे मिळते तेच आयुष्यभर वापरतात, म्हणून ‘मुळात काय द्यावे’ हा फार जबाबदारीचा निर्णय आहे. पण यातून निघणारे अनुमान एवढेच, की पर्याय विचारपूर्वक द्यावेत. न मागणाऱ्यापुढे ताट वाढू नये हे ठीक. मागणाऱ्याला पंगतीतून उठवावे, हे त्यातून कसे निघते?

‘पटत नसेल तर दुसरा डेस्कटॉप घ्या’ असेही म्हटले जाते. स्कॉटिश विचारवंत ह्यूम याने १७४८ मध्ये याच धर्तीच्या युक्तिवादाला उत्तर दिले होते. झोपेत जहाजावर आणून ठेवलेल्या प्रवाशाला ‘तू जहाजावर आहेस म्हणजे कप्तानाचा अंमल तुला मान्य आहे, नसेल तर समुद्रात उडी घे’ असे सांगण्याला संमती म्हणत नाहीत. निघून जाण्याची मुभा ही मोठी मुभा आहे आणि मुक्त सॉफ्टवेअरने ती दिली याबद्दल आपण कृतज्ञ असावे. तरीसुद्धा निघून जाता येणे आणि घरात राहून म्हणणे मांडता येणे, यांत अंतर आहे. ज्याला एका बोटाने टंकावे लागते, त्याला प्रत्येक घर बदलणे हे बिऱ्हाड बदलण्याइतकेच महाग पडते.

*

मग अधिकार कोणाचा? माझ्या मते तो एकाच हाती द्यायचा नसून त्याची वाटणी करायची आहे, आणि वाटणीचा पायाही स्पष्ट आहे: ज्याला जे ठाऊक, त्याने तेवढे सांगावे. प्रोग्रामने आपल्या खिडकीचा अर्थ सांगावा. ही कोणाची सोबतीण, ही तातडीची, ही थांबू शकणारी. जागा मागू नये. कारभाऱ्याने अर्थ आणि अवकाश दोन्ही पाहून जागा द्यावी, परक्याच्या घुसखोरीला आवर घालावा, आणि आपण काय ठरवले हे लपवू नये. माणसाने काही सांगितले नाही तर दोघांनी मिळून निमूट काम करावे. पण माणूस बोलला, तर त्याचा शब्द दोघांच्या वर असावा, आणि एकदा बोललेला शब्द उद्याही लक्षात राहावा. रोज नव्याने सांगावी लागणारी इच्छा ही मान्य झालेली इच्छा नव्हे.

सत्ता सोपवण्याला माझा विरोध नाही. सत्ता सोपवल्याशिवाय शाळा चालत नाही, संसार चालत नाही, पडदाही चालत नाही. सत्ता कोणाच्या नावाने वापरली जाते याची आठवण मात्र सत्तेजवळ कायम असावी लागते. आज ही गोष्ट पडद्यावरच्या चार चौकोनांपुरती आहे. उद्या आपली औषधे, आपले पैसे, आपली पत्रे यांची मांडणी असेच कारभारी करणार आहेत. काही प्रमाणात करूही लागले आहेत. तेही आपल्या भल्यासाठीच करतील, यात मला शंका नाही. तेव्हा त्यांना विचारण्याचा प्रश्न आजच पाठ करून ठेवलेला बरा: बाबा रे, ही जागा तू ठरवलीस हे समजले, पण मी काही सांगायचे झाले, तर कोणत्या दाराशी येऊ?